आधी एसीचा हिशेब, मग जनरेटर

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, फोर्ट लॉडरडेलमधून वाहणाऱ्या न्यू रिव्हरच्या काठी बोटयार्ड आहेत. पन्नास वर्षं पाण्यात काढलेल्या मोटर यॉट तिथे आजही दुरुस्तीला येतात. त्यातली हॅटरस कंपनीची ५३ फुटी यॉट मला विशेष प्रिय आहे. तिचा फायबरग्लासचा सांगाडा इतका भक्कम आहे की मालक बदलत जातात, बोट टिकून राहते. थकतात ती तिच्या पोटातली यंत्रं, आणि त्यातही आधी जनरेटर आणि एसी.

या बोटीमागे उत्तर कॅरोलायनातल्या हाय पॉइंट गावचा विलिस स्लेन हा होजिअरीच्या धंद्यातला माणूस होता. केप हॅटरसजवळचा समुद्र फार खवळलेला असतो. त्या लाटांना पुरून उरेल अशी मासेमारीची बोट त्याला हवी होती. १९५९ मध्ये त्याने कंपनी काढली आणि जॅक हारग्रेव्ह या तरुण आरेखकाकडून ४१ फुटी फायबरग्लास बोट आखून घेतली. ‘निट विट्स’ नावाची ती बोट १९६० मध्ये पाण्यात उतरली. एवढी मोठी बोट फायबरग्लासची करायची हे तेव्हा धाडसच होतं. हारग्रेव्हनेच आखलेली ५३ फुटी मोटर यॉट १९६९ मध्ये आली आणि पुढे जवळजवळ दोन दशकं बनत राहिली. बहुतेक बोटींत डेट्रॉइट डिझेलची दोन ८व्ही-७१ इंजिनं आणि ३२ व्होल्टची बॅटरी व्यवस्था असे.

बोट धक्क्याला बांधलेली असते तेव्हा विजेची चिंता नसते. ५० अँपिअरची जाड केबल खांबावरच्या सॉकेटमध्ये बसवली की २४० व्होल्टवर १२ किलोवॅट मिळतात. नांगर टाकला की मात्र सगळा भार जनरेटरवर येतो. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, हवा दमट, वारा पडलेला. केबिनच्या छोट्या खिडक्यांतून झोपण्याइतका गारवा येत नाही. एसी रात्रभर चालतो, म्हणून जनरेटरही रात्रभर चालतो. ही दोन कामं वेगवेगळी धरून वेगवेगळ्या वर्षी करणारे मालक दोनदा खर्च करतात. माझं ठाम मत आहे की हे एकच काम आहे आणि त्याची सुरुवात एसीपासूनच व्हायला हवी.

जुन्या यॉटमधले एसी बहुधा स्प्लिट पद्धतीचे असतात. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर इंजिनरूममध्ये, गार हवा फेकणारा भाग केबिनमध्ये, आणि दोघांना जोडणारी तांब्याची नळी भिंतींच्या आतून फिरलेली. त्यात आर-२२ वायू असतो. ओझोनच्या थराला त्याचा धोका असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने मागे पडला आणि १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात बंद झाली. आता मिळतो तो जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला किंवा साठ्यातला, आणि महाग. त्याच नळ्यांत नंतर आलेला आर-४१० ए वायू भरून भागवावं असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं लागतं. त्यामुळे कॉम्प्रेसर बदलला की केबिनमधला भाग बदलावा लागतो आणि भिंतीतली नळीही सहसा सोडून द्यावी लागते.

म्हणून आज बरेच लोक एकसंध युनिट निवडतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि ब्लोअर एकाच पाट्यावर बसवलेले असतात आणि वायू कारखान्यातच भरलेला असतो. पलंगाखाली किंवा कपाटात ते बसवायचं, समुद्राच्या पाण्याची नळी, वीज आणि हवेचं डक्ट जोडायचं. याची एक किंमत मात्र मोजावी लागते: पूर्वी इंजिनरूममध्ये घुमणारा कॉम्प्रेसर आता उशाशी येतो. झोपायच्या केबिनसाठी वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर घेतला तर जास्तीचे पैसे वसूल होतात.

घरच्या एसीची उष्णता हवेत जाते, बोटीच्या एसीची समुद्रात. एका टनाला, म्हणजे तासाला १२,००० बीटीयूला, मिनिटाला साधारण ११ लिटर समुद्राचं पाणी लागतं. जुना समुद्रपाण्याचा पंप उघडून पाहिला की अर्ध्या तक्रारींचं मूळ सापडतं. गाळणीत सागरी गवताचा लगदा बसलेला असतो आणि तळाच्या छिद्रावर बार्नॅकलचं कवच चढलेलं असतं. कंडेन्सरची तांबं-निकेलची नळी बाहेरून ठणठणीत दिसते, पण आत क्षारांचा पांढरा थर इतका जमलेला असतो की पाणी जेमतेम वाहतं. सौम्य आम्ल फिरवून ती धुतली की ‘एसी गेला’ म्हणून टाकून द्यायला निघालेलं यंत्र पुन्हा गारवा देऊ लागतं. बदलण्याआधी हे एकदा करून पाहाच. तेव्हाच ब्लोअरखालचा ट्रेही बघा. हवेतला दमटपणा थेंब होऊन तिथे साचतो. ट्रे गंजला की पाणी पलंगाखालच्या प्लायवुडमध्ये मुरतं आणि केबिनला तो जुन्या बोटीचा कुबट वास येतो. इंजिनरूममध्ये साठणारी हवा एसीच्या परतीच्या मार्गात येत नाही ना, हेही याच वेळी तपासायचं.

आता हिशेब. समजा १६,००० बीटीयूची पाच युनिटं आहेत. म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास. एक युनिट सुमारे दीड किलोवॅट घेतं, पाच मिळून साडेसात. त्यात पंप, पाणी तापवायचा हीटर, शेगडी, बॅटरी चार्जर धरले की आकडा १२ किलोवॅटच्या वर जातो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढतो. हे सगळं जोडून जुने लोक १६ किंवा २० किलोवॅटचा जनरेटर बसवत. पण पहाटे तीन वाजता शेगडी बंद, हीटर बंद आणि दोनच एसी चालू असतात. तेव्हा तो मोठा जनरेटर जेमतेम पाचव्या हिश्शाच्या भारावर चालतो, आणि डिझेल इंजिनाला हे अजिबात मानवत नाही. सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि ओलसर तेल एक्झॉस्टमध्ये साचतं. वरून पाहता जनरेटर आराम करत असतो. आतून मात्र त्याचं आयुष्य कमी होत असतं. प्रत्येक कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर लावला, युनिटं एकापाठोपाठ एक सुरू होतील अशी सोय केली आणि शेगडी व हीटर एकदम न वापरण्याची सवय लावली, तर अशा बोटीला ११-१२ किलोवॅटचा जनरेटर पुरतो. तो हलका, कमी आवाजाचा आणि कमी डिझेल पिणारा असतो.

लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टरवर रात्र काढायची सोयही आता शक्य आहे. एका झोपायच्या केबिनपुरती ती उत्तम आहे. सबंध बोट रात्रभर गार ठेवायची तर बॅटरींचा खर्च अजून फार होतो.

जुना जनरेटर बाहेर काढणं हे बोटयार्डातलं खरं कौशल्य. कारखान्यात तो बसवला तेव्हा डेक अजून वर चढलेला नव्हता. आता चेन पुलीला टांगून, अल्टरनेटर इंजिनापासून सोडवून, सलूनच्या फरशीतल्या झडपेतून तुकड्यातुकड्यांनी तो निघतो. नवा आत नेताना प्रत्येक इंच मोजावा लागतो. बाहेरचं आवाजरोधक खोकं बसतं का एवढंच बघून चालत नाही, ते उघडून पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदलायला हात पोचतो का हेही बघायचं असतं. हॅटरसमध्ये आणखी एक अडचण असते. नवे जनरेटर १२ व्होल्टवर सुरू होतात आणि बोट ३२ व्होल्टची, म्हणून सुरू करायची बॅटरी वेगळी द्यावी लागते. किनाऱ्याची वीज आणि जनरेटर कधीही एकदम जोडले जाणार नाहीत असा स्विचही लागतो. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ विजेच्या उगमापाशीच असली पाहिजे. जनरेटरवर असताना ती जनरेटरवर, किनाऱ्याच्या विजेवर असताना किनाऱ्यावर. जुन्या बोटींत हीच वायरिंग चुकलेली सापडते.

एक्झॉस्टवर काटकसर करू नये. समुद्राचं पाणी इंजिन थंड करून एक्झॉस्टच्या कोपऱ्यात मिसळतं आणि धुराबरोबर बाहेर जातं. तो कोपरा आतून गंजतो, म्हणून जुना पुन्हा वापरायचा नाही. पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून पाणपातळीच्या वर सायफन तोडणारी झडप हवी. जनरेटर सुरू होत नसताना वारंवार स्टार्टर फिरवला तर मफलर भरून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. त्या वेळी आधी पाण्याचा कॉक बंद करावा. धुराचं तोंड कुठे उघडतं, हा जिवाचा प्रश्न आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेच्या लेक पॉवेलवर हाउसबोटच्या मागच्या भागाखाली साचलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने दोन भावांचा जीव घेतला. तिथला जनरेटर पेट्रोलचा होता. डिझेलमध्ये हा वायू बराच कमी असतो, पण नसतो असं नाही.

मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर उभ्या यॉटना किनाऱ्याची वीज मिळत नाही, त्यामुळे तिथे जनरेटरवरच सगळं चालतं, आणि गढूळ पाण्यामुळे गाळणी वरचेवर साफ करावी लागते. अमेरिकेतली बोट इकडे आणायची तर आणखी एक गोष्ट: तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. जनरेटर १८०० ऐवजी १५०० फेऱ्यांवर आणला तर ताकद सुमारे सहाव्या हिश्शाने घटते, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेले एसी तसेच चालवता येत नाहीत.

जुनी यॉट बघायला जाल तेव्हा भर दुपारी जा. किनाऱ्याची केबल काढायला लावा, सगळे एसी एकदम सुरू करा आणि तासभर तिथेच थांबा. एक्झॉस्टमधून पाणी सारखं पडतंय का, धुराचा रंग कसा आहे, शेवटच्या केबिनमध्ये गारवा पोचला का, हे स्वतः बघा. झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर पहिली खरेदी तीच करा.