एक फट झाकली, टकटक वाढली

पेटीचं झाकण उचलण्याआधी प्रयोगशाळेत एकच प्रश्न: "शटर बंद आहे ना?" मीटरभर लांबीच्या या काळ्या पेटीच्या टोकाला फोटोमल्टिप्लायर ट्यूब बसवलेली असते. एकेका फोटॉनची दखल घेणारी ही ट्यूब. हाय व्होल्टेज चालू असताना तिच्यावर खोलीतला साधा उजेड पडला, तरी ती कामातून जाते. म्हणून प्रयोग लावणारी पीएच.डी.ची विद्यार्थिनी दरवेळी शटर हाताने चाचपून बघते.

पेटीच्या दुसऱ्या टोकाला बारीकसा बल्ब, त्यावर हिरवा फिल्टर, आणि उजेडाच्या वाटेत दोन अरुंद फटी. उजेड इतका मंद की काउंटरवर सेकंदाला हजारभर नोंदी. पेटीची लांबी कापायला प्रकाशाला साधारण 3.3 नॅनोसेकंद लागतात. ट्यूबला चुकवून जाणारे फोटॉन हिशेबात धरले, तरी पेटी बहुतेक वेळ रिकामीच असते. आत कुणी असलाच तर बहुधा एकटा.

काम तसं कंटाळवाणं. मायक्रोमीटर जरासा फिरवून डिटेक्टर सरकवायचा, दहा सेकंद मोजायचं, आकडा वहीत लिहायचा, पुन्हा फिरवायचा. शटर बंद असतानाही थोडे आकडे येतातच. ते 'डार्क काउंट' वजा करायचे. आलेखावर हळूहळू चढउतार दिसू लागतात.

मग ती डिटेक्टर एका उताराच्या तळाशी नेऊन ठेवते. दोन्ही फटी उघड्या, स्पीकरमधून तुरळक टकटक. आता दुसरा मायक्रोमीटर फिरवून ती एका फटीवर पातळ पट्टी सरकवते. उजेडाची एक वाट बंद. टकटक कमी व्हायला हवी. ती धडाधड वाढते! मी तिला फट पुन्हा उघडायला लावली. टकटक पुन्हा तुरळक. गणित मला तोंडपाठ होतं, पण कानांना पटेना.

हिताचीच्या प्रयोगशाळेतल्या अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी 1989 साली दाखवलं की एकेकटे सोडलेले इलेक्ट्रॉनही असेच चढउतार घडवतात: सुरुवातीला पडद्यावर वेडेवाकडे ठिपके, हजारो जमल्यावर स्वच्छ पट्टे. 2011मध्ये टोरांटोत एफ्रेम स्टाइनबर्ग यांच्या गटाने फोटॉनांच्या वाटांचा नकाशाही काढला. प्रत्येक फोटॉनला अगदी हलकासा स्पर्श करणारं मापन, आणि मग असंख्य फोटॉनांची सरासरी. त्या नकाशातल्या रेषेवर बोट ठेवून 'हा फोटॉन इथून गेला' असं सांगणारे लोक भेटतात. मूळ शोधनिबंधाने दावा केलाय तो फक्त सरासरी वाटांचा.