नेमणूक एकाची, सेवा दोघांची : वाराणसीतील मिशनरी दांपत्यांच्या शाळांची कहाणी

वाराणसी : चर्चच्या वतीने परदेशातील एखाद्या आदिवासी शाळेत पती-पत्नीने काही वर्षे सेवेसाठी जाणे, ही आज फारशी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात किच्वा भाषकांच्या शाळांवर अशी दांपत्ये जातात. तेथे 1988 पासून द्विभाषिक शिक्षणासाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा उभी राहिली आणि 2008 च्या राज्यघटनेने किच्वा भाषेला आंतरसांस्कृतिक व्यवहाराची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. बाहेरून येणारे दांपत्य तेथे साहाय्यकाच्या भूमिकेत असते. शिवाय आता अनेक चर्च संस्था पती आणि पत्नी या दोघांचीही रीतसर नेमणूक करतात. ही दुसरी बाब वाटते तितकी जुनी नाही. तिच्यामागील इतिहास समजून घ्यायचा तर वाराणसीइतके उद्बोधक ठिकाण क्वचितच सापडेल.

काशीतील मिशन-शिक्षणाचा आरंभ एका हिंदू दात्याने केला. कोलकात्याजवळील भूकैलासचे जमीनदार जयनारायण घोषाल उत्तरायुष्यात काशीत राहत होते. 1818 मध्ये त्यांनी आपले घर आणि कायम उत्पन्नाची तजवीज चर्च मिशनरी सोसायटीच्या स्वाधीन केली. इंग्रजी, फारसी, हिंदी आणि बंगाली शिकवणारी ही शाळा मुलांसाठी होती. त्यांच्या नावाची शाळा शहरात आजही चालू आहे.

मुलींच्या शिक्षणाचा मार्ग मात्र वेगळा होता आणि तो मिशनऱ्यांच्या घरातून जात होता. 1830 च्या दशकाच्या आरंभी जर्मन वंशाचे सी. बी. ल्यूपोल्ट याच सोसायटीतर्फे काशीत आले आणि सुमारे चार दशके येथे राहिले. सिगरा भागात चर्च, अनाथालय आणि ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. अनाथ मुलींचा सांभाळ, मुलींची शाळा आणि पुढे स्त्री-शिक्षिका घडवणारी अध्यापनशाळा ही कामे ल्यूपोल्ट यांच्या पत्नीने पाहिली. पतीने आपल्या आठवणींचे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. पत्नीचा उल्लेख मात्र त्या काळच्या मिशन-लेखनात सामान्यतः ‘मिसेस ल्यूपोल्ट’ असाच येतो.

याचे कारण व्यवस्थेतच होते. सोसायटीच्या लेखी नेमणूक पुरुषाची असे. विवाहित मिशनऱ्याला अविवाहितापेक्षा अधिक भत्ता मिळे; परंतु पत्नीला स्वतंत्र वेतन नसे, पद नसे आणि निर्णयप्रक्रियेत मतही नसे. पतीचे निधन झाले की तिचे तेथील स्थानच डळमळीत होई. दुसरीकडे, पडदा पाळणाऱ्या घरांत परक्या पुरुषाला प्रवेश नव्हता आणि मुलींना पुरुष शिक्षकाकडे पाठविण्यास पालक राजी नसत. त्यामुळे जे काम पुरुषाला करताच येत नव्हते, ते जिची नेमणूकच झालेली नाही अशा व्यक्तीवर सोपविलेले असे. ती आजारी पडली किंवा बाळंत झाली की मुलींची शाळा अडचणीत येई.

मुंबईत हीच अडचण लवकर ध्यानात आली. अमेरिकन मराठी मिशनने मुलींच्या शाळा काढल्या. घर आणि मुले सांभाळून त्यांची देखरेख करणे मिशनऱ्यांच्या पत्नींना पेलवेना, म्हणून 1827 मध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेला पाठविण्यात आले. त्यांनी पुढे अहमदनगरला दीर्घकाळ काम केले. मुलींची शाळा पाहण्याची प्रेरणा जोतीराव फुले यांना त्यांच्याच शाळांतून मिळाली, असे सांगितले जाते.

जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश दांपत्य 1829 मध्ये मुंबईत आले. कोकणात राहून दोघांनीही मराठीचा अभ्यास केला. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि 1835 मध्ये, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य आज तपशिलाने ज्ञात आहे, कारण पतीने 1838 मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ज्यांच्या पतींनी लेखणी हाती घेतली नाही, अशा किती जणी अहवालांतील एका ओळीतच राहिल्या असतील, याची कल्पनाच करावी लागते.

दांपत्यसेवेची आणखी एक बाजू काशीतील एका मराठी घराण्याच्या कथेत दिसते. चित्पावन कुळातील पंडित नीळकंठशास्त्री गोरे काशीत वाढले. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करता करता त्यांचे मतपरिवर्तन झाले. 1848 मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. 1853 मध्ये काशीत त्यांना कन्या झाली. तिचे नाव एलेन लक्ष्मी. आईचे निधन लवकरच झाले आणि वडील महाराजा दुलीपसिंगांच्या परिवारासोबत इंग्लंडला गेले. मुलीला आधी एका युरोपीय नीळ-व्यावसायिक दांपत्याने वाढविले. 1857 च्या उठावात त्यांची मालमत्ता गेल्यावर स्टॉर्स या मिशनरी दांपत्याने तिला आपल्या घरात घेतले आणि पुढे इंग्लंडला नेले. काशीतील या मराठी मुलीची जडणघडण इंग्रजी घरात आणि इंग्रजी भाषेत झाली. त्या घरांतून तिला आश्रय मिळाला, हे खरे. पण आईची भाषा आणि आईचे गणगोत यांपासून ती दूर गेली, हेही तितकेच खरे. किच्वा शाळांत आज मातृभाषेचा इतका आग्रह का धरला जातो, याचे एक उत्तर अशा आयुष्यांत मिळते.

एलेन लक्ष्मी 1880 मध्ये भारतात परतली, ती कोणाची पत्नी म्हणून नव्हे. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडची स्त्रियांसाठी काम करणारी स्वतंत्र झनाना मिशन संस्था स्थापन झाली होती आणि तिच्या वतीने एलेनने अमृतसर येथे काम केले. 1887 पासून चर्च मिशनरी सोसायटीही अविवाहित स्त्रियांना मोठ्या संख्येने नेमू लागली. एलेन लक्ष्मी गोरे पुढे अलाहाबादला मुलींच्या अनाथालयात राहिली आणि 1897 मध्ये तिला ‘डीकनेस’ हे चर्चमधील सेविकेचे पद मिळाले. नोंदीत ते तिच्या स्वतःच्या नावावर आहे.