गल्ल्यावरचे हात

मोठ्या दुकानात बिलासाठी रांगेत उभे असता आपले लक्ष साहजिकच आकड्यांकडे असते. एकदा ते गल्ल्यावरील हातांकडे वळवून पाहावे. जिन्नस उचलावयाचा, त्यावरील काळ्या रेघा यंत्राच्या काचेसमोर धरावयाच्या, जिन्नस पलीकडे सरकवावयाचा. काम हलके दिसते; परंतु तेच मनगट आणि तोच खांदा दिवसभर राबत असतो.

असल्या श्रमाची दखल फार पूर्वीच घेतली गेली आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांच्या व्यथेची तीन कारणे त्याने त्याच्या पुढील आवृत्तीत दिली: सततची बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. आजच्या गल्ल्यावर यांतील निदान शेवटची दोन जशीच्या तशी आढळतात.

मग या कामाची पारख कशी करावी? १९९३ साली इंग्लंडात मॅकअटॅम्नी व कॉर्लेट या अभ्यासकांनी ‘रुला’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिला उपकरण लागत नाही. लागते ती डोळस नजर. दंड शरीरालगत असेल तर एक गुण. तो खांद्याच्या रेषेवर गेला तर चार. मनगट मुरगळले, मान वळली, पाठ पिळली की गुण वाढतात. तीच क्रिया मिनिटाला चार किंवा अधिक वेळा होत असेल तर आणखी एक गुण. शेवटी एक ते सात यांपैकी एक आकडा येतो. शाळेतल्यासारखे येथे अधिक गुण मिळणे चांगले नव्हे: एक-दोन म्हणजे ठीक, सात म्हणजे तत्काळ सुधारणा हवी.

परंतु हे गुण कोणाचे? येथेच आपली गल्लत होते. वर्गात मुलगा वाकून बसला की आम्ही शिक्षक त्याला रागावतो. बाक त्याच्या मापाचा आहे की नाही, हे पाहावयाचे राहून जाते. गल्ल्यावरील मुलीलाही ‘नीट उभी राहा’ असे सांगणे सोपे असते. पण सामान हाताच्या टप्प्यापलीकडे असेल तर तिने वाकू नये तर काय करावे? म्हणून प्रथम फळीची उंची, सामानाचे अंतर व कामाची गती तपासावी. मगच उचलण्याऐवजी सरकविणे, दोन्ही हात वापरणे, अंगाला पीळ न देता पाय वळविणे या गोष्टी शिकवाव्यात. अधूनमधून काम बदलून द्यावे. बसावयास आसन द्यावे. केरळात २०१८ साली व तामिळनाडूत २०२१ साली दुकानांतील नोकरांसाठी तसा कायदाच झाला.

आपल्यालाही काही करता येईल. पिठाची जड पिशवी गाडीतच ठेवून तिच्या रेघांची बाजू वर करावी. हातातले यंत्र असेल तर ती उचलण्याची गरज उरत नाही. आणि मनगट चोळण्यासाठी कोणी क्षणभर थांबली, तर मागून घाई करू नये. दुखते असे म्हटल्यास आपल्याला कामचुकार ठरवतील, या भीतीने ती गप्प असण्याचा संभव असतो.