क्वार्कोनियम
चार्म किंवा बॉटम हा जड क्वार्क व त्याचाच प्रतिक्वार्क यांची बद्ध अवस्था. जे/साय हा पहिला असा कण (सु. ३,०९७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) सॅम्युएल टिंग व बर्टन रिक्टर यांच्या गटांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे शोधला. त्याबद्दल दोघांना १९७६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॉटमयुक्त अप्सिलॉन कण १९७७ मध्ये आढळला.

प्रतिमाने : जड क्वार्कांचा जोडीतील वेग प्रकाशवेगापेक्षा बराच कमी असल्याने हायड्रोजन अणूप्रमाणेच येथेही श्रोडिंजर समीकरणाने ऊर्जापातळ्या काढता येतात. कॉर्नेल प्रतिमानातील वर्चसाचे दोन भाग असतात : एक अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलणारा आकर्षक भाग व दुसरा अंतराबरोबर सम प्रमाणात वाढणारा. दुसऱ्या भागामुळे क्वार्क सुटा होऊ शकत नाही. परिवलनावर (स्वतःभोवती फिरण्याशी सदृश गुणधर्मावर) अवलंबून असणाऱ्या पदांमुळे पातळ्या विभागल्या जातात. संगणकीय जालक पद्धतीत वर्चस् गृहीत धरावे लागत नाही. या पद्धतीने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नीलमणी माथुर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार्म-बॉटम कणांची द्रव्यमाने वर्तविली.

प्रारणी क्षय : वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना क्वार्कोनियम गॅमा किरण उत्सर्जित करते. विद्युत् द्विध्रुव संक्रमणाची त्वरा किरणाच्या ऊर्जेच्या घनाच्या, क्वार्काच्या विद्युत् भाराच्या वर्गाच्या व दोन्ही तरंग फलनांच्या परस्परव्याप्तीवर अवलंबून असणाऱ्या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साय (२ एस्) कणाचे तिन्ही कायसी कणांत होणारे असे क्षय प्रत्येकी सु. १० टक्के आहेत. चुंबकीय द्विध्रुव संक्रमणात परिवलनाची दिशा उलटते व ते बरेच मंद असते. पातळ्यांची ऊर्जा जुळविणारी दोन प्रतिमाने तरंग फलनांच्या बाबतीत भिन्न असू शकतात. म्हणून प्रारणी क्षय ही प्रतिमानांची अधिक कठोर कसोटी ठरते.

बेल प्रयोगात (टाटा संस्थेचा ज्यात सहभाग होता) २००३ मध्ये आढळलेला एक्स (३८७२) कण साध्या प्रतिमानांत नीट बसत नाही. तो दोन मेसॉनांचा सैल ‘रेणू’ असल्यास साय (२ एस्)कडे होणारा त्याचा प्रारणी क्षय जे/सायकडील क्षयाच्या मानाने अल्प असावा, असे अनेक गणितांवरून दिसते. एलएचसीबी प्रयोगाने २०२४ मध्ये हे गुणोत्तर सु. १·७ दिले, त्यावरून कणात घट्ट बांधलेला अंश असावा असे सूचित होते. तथापि बीईएस-३ प्रयोगाने २०२० मध्ये दिलेली ०·५९ ही कमाल मर्यादा याच्याशी विसंगत आहे.