विषाणू मवाळ होतोच असे नाही
रोगाचा विषाणू जुना होत गेला की मवाळ पडतो, ही समजूत कोरोनानंतर घरोघरी रुजली. ती अर्धीच खरी आहे, आणि म्हणूनच धोक्याची आहे.

विषाणू ठरवून काही करत नाही. पेशीत शिरला की तिच्याकडून तो आपल्या जनुकीय मजकुराच्या नकला करवून घेतो आणि त्यात चुका राहतात. बहुतेक चुका वाया जातात. जी पसरायला मदत करते ती टिकते. इन्फ्लुएन्झाची जनुके तर आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. 1957, 1968 आणि 2009 च्या जागतिक साथी अशा अदलाबदलीतून आल्या.

कोरोनाच्या विषाणूचा मजकूर सुमारे 30 हजार अक्षरांचा. त्याच्याजवळ चुका दुरुस्त करणारे विकर आहे, तरी काही निसटतातच. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाराष्ट्रातले नमुने तपासले, तेव्हा काट्यासारख्या स्पाइक प्रथिनात काही बदल दिसले. त्यांतला एक 681 व्या जागेवरचा. तिथे प्रोलीनऐवजी आर्जिनीन हे अमिनो आम्ल आले होते. पेशीत शिरण्याआधी हे प्रथिन जिथे कापले जावे लागते, ती जागा याला अगदी लागून आहे. या बदलाने ते कापणे सोपे झाले. त्याच घराण्यातून डेल्टा निघाला. तो आधीच्या विषाणूपेक्षा वेगाने पसरला आणि माणसांना जास्त आजारीही पाडू लागला. ऑक्सिजनसाठी रात्री जागवलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

मग मवाळपणाची समजूत आली कुठून? ऑस्ट्रेलियात ससे आवरण्यासाठी 1950 मध्ये मिक्झोमा विषाणू सोडला गेला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव ससे मरत. विषाणूशास्त्रज्ञ फ्रँक फेनर यांनी पुढे दाखवले, की काही वर्षांतच कमी मारक वाण वरचढ ठरले. ससा जास्त दिवस जगला तर डासांना विषाणू वाहून न्यायला तितकाच जास्त वेळ मिळतो. गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते. पण अगदीच सौम्य वाण मागे पडले, कारण त्यांच्यामुळे सशाच्या कातडीत पुरेसे विषाणू साठत नसत. ससे अधिक प्रतिकारक्षम झाल्यावर तर विषाणूही पुन्हा जहाल झाला.

कोरोनाही डेल्टानंतर आपोआप मवाळ झाला असे नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानात ओळखला गेलेला त्याचा ओमायक्रॉन हा प्रकार डेल्टाचा वंशज नव्हता. तो वेगळ्याच फांदीवरून आला. त्याचा त्रास कमी जाणवला त्यात लसीचा आणि आधीच्या संसर्गाचा वाटा मोठा होता. पुढची फांदी कुठे फुटेल हे आधी सांगता येत नाही, फुटल्यावर लवकर पाहता येते. पोलिओसाठी मुंबईचे सांडपाणी 2001 पासून तपासले जाते. तशीच तपासणी आणि जनुकीय वाचन इतर विषाणूंसाठीही, लाट नसताना, जिल्ह्याजिल्ह्यांत चालू ठेवा; महापालिकांनी आणि सरकारने या खर्चाला कात्री लावू नये.