अस्थिमज्जेचा निरोप

हाडे म्हटली की शरीरास आधार देणारा सांगाडा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु हाडांच्या पोकळीतील मऊ मगज, म्हणजेच अस्थिमज्जा, हा रक्ताचा कारखाना होय. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मेलेल्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी निरोगी माणसाच्या मज्जेत दर सेकंदास सुमारे २० लक्ष तांबड्या पेशी निर्माण होतात.

या कारखान्यास हुकूम कोण देते? १९०६ साली फ्रान्समध्ये पॉल कार्नो व क्लोटिल्ड दफ्लांद्र यांनी सशांवर प्रयोग करून असे अनुमान काढले की, मज्जेस चेतविणारे काही द्रव्य रक्तातूनच फिरत असावे. तेच आजचे एरिथ्रोपोएटिन. शरीरात प्राणवायू कमी पडला की मुख्यतः मूत्रपिंडे ते रक्तात सोडतात. एका ठिकाणी निर्माण होऊन रक्तावाटे दुसऱ्या ठिकाणी कार्य करणाऱ्या अशा द्रव्यास आपण संप्रेरक म्हणतो.

मग मज्जा केवळ हुकमाची ताबेदार आहे काय? तसे नाही, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे. तांबड्या पेशी घडवावयाच्या तर लोह हवे, आणि लोहाच्या कोठारावर पहारा असतो यकृताचा. यकृतातून निघणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढले म्हणजे आतड्यांतून येणारे व साठ्यातून सुटणारे लोह अडते. हा पहारा सैल करण्याचा निरोप मज्जाच धाडते! २०१४ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉमास गान्झ, एलिझाबेटा नेमेथ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तो निरोप ओळखला. मज्जेतील अपक्व तांबड्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचे संप्रेरक सोडतात. ते यकृतास पोहोचताच हेप्सिडिन घटते आणि लोह मोकळे होते. मानवी मज्जेतील पेशीही हेच कार्य करतात.

हा निरोप अवेळी गेला तर मात्र अनर्थ ओढवतो. थॅलसेमिया या आनुवंशिक विकारात मज्जेत अपक्व पेशींची दाटी होते, पण त्यांतील पुष्कळशा पक्व होण्यापूर्वीच मरतात. रक्त तर वाढत नाही, परंतु लोहाची मागणी सतत चालूच राहते. परिणामी, बाहेरून रक्त दिलेले नसतानाही यकृतादी अवयवांत लोह साचून त्यांस इजा पोहोचते.

म्हणून चेहरा फिकट दिसला की लोहच कमी पडले, असे आपण घरबसल्या ठरवू नये. लोहाची उणीव असल्यास लोह हेच औषध खरे. पण ती आहे की नाही, हे रक्त तपासून डॉक्टरांनीच सांगावे. मज्जा काय मागते आहे एवढे कळून भागत नाही. ती का मागते आहे, हेही कळावयास हवे.