गाडीचे अ‍ॅव्हरेज का घटले?



या अंकात आपल्या केंद्राच्या पिकअप गाडीविषयी लिहीत आहे. आपल्या देणगीतून चालणारी ही डिझेल गाडी तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडच्या पाड्यांवर औषधे नेते, वसतिगृहाचे धान्य आणते, आणि वेळ आली की अडलेल्या बाळंतिणीला खाली रुग्णालयात पोहोचवते. म्हणून गाडी डिझेल जास्त पिऊ लागली तर तो प्रश्न फक्त गॅरेजचा राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात तसेच झाले. पूर्वी लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी ऑक्टोबरमध्ये वहीप्रमाणे ९ वर आली. गाडी महिन्याला सुमारे १८०० किलोमीटर चालते. १३ च्या हिशेबाने १३८ लिटर पुरायला हवे, बिल मात्र २०० लिटरचे. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला साडेपाच हजारांची तूट. ती भरून काढण्यासाठी आम्ही सर्वांत लांबच्या दोन पाड्यांच्या आरोग्यफेऱ्या चारवरून दोनवर आणल्या.

समितीच्या बैठकीत एकाने हळूच विचारले, “डिझेल बाहेर तर जात नाही ना?” कोणाचे नाव घेतले गेले नाही, पण सर्वांच्या मनात चालकभाऊच आला. तो पावरा समाजातला, आमच्याच वसतिगृहात शिकलेला. मी त्याची बाजू घेतली नाही, गप्प बसले. त्या रात्री कारभाऱ्याकडे हिशेब मागणाऱ्या धन्याचा दाखला आठवला, आणि वाटले, हिशेब मागायचा तर आधी तो नीट मांडायला नको का? दुसऱ्या दिवशी चालकभाऊला म्हटले, “भाऊ, आपण दोघे मिळून शोधू.”

आधी वही तपासा

अ‍ॅव्हरेज काढण्याची खात्रीची रीत एकच. टाकी फुल करायची, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत भरायची, आणि मीटरचा आकडा लिहायचा. गाडी नेहमीसारखी चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच सपाट जागी, तशीच टाकी फुल करायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे झाले अ‍ॅव्हरेज. काट्यावर विश्वास ठेवू नये. एका टाकीवरही ठेवू नये, कारण फेस आला किंवा गाडी कलती उभी असली तर लिटर-दोन लिटरचा फरक पडतो. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

आम्ही पहिली टाकी अशी मोजली, तर उत्तर ९ नव्हे, १० आले. मग बिले एकेक करून पाहिली. जूनपासून वसतिगृहाच्या जनरेटरसाठी महिन्याला २० लिटर डिझेल कॅनमधून येत होते, आणि ते गाडीच्याच नावावर लागत होते. “दोन बिले कशाला, एकाच नावावर लावा,” असे पंपावर सांगणारी मीच होते. म्हणजे गाडीचे खरे डिझेल १८० लिटर.

दुसरी गोष्ट मीटरची. मे महिन्यात टायर बदलले तेव्हा मूळ मापाचे मिळाले नाहीत, थोडे मोठे बसवले. मीटर चाकाचे फेरे मोजतो. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. शहाद्याकडच्या सपाट रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांवरून पाहिले, तर २५ किलोमीटर गेल्यावर मीटर २४ दाखवत होता. म्हणजे वहीतले १८०० किलोमीटर प्रत्यक्षात १८७५.

आता भागाकार करा : १८७५ भागिले १८० म्हणजे १०.४. पान्याला हात लावण्याआधीच ९ चे १०.४ झाले. पण १३ अजून दूर होते.

मग डोळे आणि हात

एका मिस्त्रीने पाहताक्षणी नोझल आणि डिझेल पंप काढायला सांगितले होते. तो दोषही असू शकतो. त्यात सहसा काळा धूर, उचल कमी होणे, इंजिनचा आवाज बदलणे अशी चिन्हे दिसतात. पण तो मोठा खर्च, म्हणून स्वस्तातून महागाकडे जायचे ठरवले.

टायरची हवा : सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासली. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. आमच्या मागच्या दोन्ही टायरांत हवा बरीच कमी निघाली. कमी हवेचा टायर रस्त्यावर पसरतो, प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि इंजिनची ताकद त्यातच जिरते. शिवाय तो तापून घाटात फुटण्याची भीती.

एअर फिल्टर : आमच्या कच्च्या रस्त्यांवर तो शहरापेक्षा फार लवकर भरतो. काढला तर मातीची वीट हातात आल्यासारखे वाटले. इंजिनला श्वास पुरत नाही, गाडी उचलत नाही, मग चालक अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो.

ब्रेक : खरा चोर इथे सापडला. सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न दाबता दहा किलोमीटर गाडी चालवली आणि थांबून चारही चाकांजवळ हात नेला. तीन चाके कोमट होती, मागचे डावे चाक मात्र हात जवळ धरवेना इतके तापलेले. जॅक लावून फिरवले तर एक फेराही नीट फिरेना. पावसाळ्यातल्या चिखलाने आणि गंजाने हँडब्रेकची केबल अडकली होती. हँडब्रेक सोडला तरी त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. महिनोन्‌महिने गाडी स्वतःचाच ब्रेक ओढत चालली होती.

केबल बदलली, ड्रम साफ करून ब्रेक सेट केला, फिल्टर नवा टाकला, हवा भरली. मिस्त्रीने सांगितलेल्या कामाच्या मानाने हा खर्च अगदी थोडा होता. नंतरच्या तीन टाक्यांची सरासरी १२ आली.

उरलेला एक किलोमीटर

तो घाटाचा आणि सवयींचा आहे. भरलेली अडीच टनांची गाडी ५०० मीटर उंच चढवायची, तर केवळ त्या उंचीपोटी सुमारे एक लिटर डिझेल जळते. उतरताना ते परत मिळत नाही, ब्रेकच्या उष्णतेत जाते. यंदा वरचे पाडे वाढले आहेत. डोंगर तर हटवता येत नाही, पण गरज नसताना वर बांधलेले कॅरिअर आणि ताडपत्रीचा सांगाडा उतरवता येतो. औषधवाटप चालू असताना इंजिन बंद ठेवता येते. उभ्या गाडीचे इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पिते.

एक सूचना मात्र कळकळीने करते. डिझेल वाचवण्यासाठी कोणीही घाट उतरताना इंजिन बंद करू नये किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आवर राहत नाही, सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. नव्या डिझेल गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनचे डिझेल तात्पुरते बंद करतात, म्हणजे न्यूट्रलमध्ये बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

हिशेबाचा शेवट

१०.४ वरून १२ म्हणजे महिन्याला सुमारे २४ लिटर, दोन हजारांहून अधिक रुपये. त्या दोन पाड्यांच्या फेऱ्या पुन्हा चार झाल्या आहेत. जनरेटरचे बिल आता वेगळे लागते.

पुढच्या बैठकीत मी सारे आकडे मांडले आणि चालकभाऊची सर्वांसमोर माफी मागितली. त्याने एवढेच म्हटले, “ताई, आता वहीवर दोघांच्या सह्या करू.” तेव्हापासून प्रत्येक टाकीला तारीख, मीटर, लिटर आणि दोन सह्या असतात. हा नियम त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी नाही. पुन्हा कधी आकडा बिघडला तर निरपराध माणसावर संशय जाऊ नये, यासाठी आहे.

गरिबाच्या हातात किल्ली असली की आपला संशय आधी त्याच्याकडे धावतो. आदिवासी बांधवांत सेवा करणाऱ्या आम्हा लोकांनाही हा दोष चुकलेला नाही. आपल्या संस्थेतही गाडी, पंप किंवा जनरेटर जास्त डिझेल खात असेल, तर आधी वही पाहा, मग चाक पाहा. माणसाकडे बोट दाखवायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी.

या गाडीसाठी, चालकभाऊसाठी आणि वरच्या पाड्यांसाठी आपण प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.